निरगाठ मीटरकडे, सुरगाठ माणसाकडे

मल्टिमीटर हा हातात धरून वापरायचा मीटर म्हणून विकला जातो. पण मोजणी सुरू झाली की तो धरायला हातच उरत नाही. लाल प्रोब एका हातात, काळा दुसऱ्या हातात. मग मीटर कुठे जातो? काखेत, पॅनेलच्या उघड्या दाराच्या कडेवर, केबलच्या वेटोळ्यावर, शिडीच्या वरच्या पायरीवर, नाहीतर मदतनिसाच्या हातात, आणि मदतनिसाचे लक्ष अर्थातच दुसरीकडे असते. ही पुस्तिका त्या न मिळालेल्या तिसऱ्या हाताविषयी आहे: मल्टिमीटर, टोंग टेस्टर, छोटा मेगर अशा हातातल्या उपकरणांना घरच्या घरी करून लावायची दोरी. एवढ्याशा विषयाला प्रस्तावना कशाला, असे कुणी विचारील. उत्तर असे की मीटरला दोरी बांधणे सोपे आहे, आणि चुकीची बांधणे त्याहून सोपे आहे. चुकीची दोरी मीटर वाचवते आणि माणूस अडकवते. म्हणून दोरी कशी करावी याच्या आधी ती कशासाठी आणि कुठवर, हे ठरवायला हवे. ते ठरवणे हेच या प्रस्तावनेचे काम.

आधी थोडा इतिहास, कारण आजचे दुखणे त्यातूनच आले आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी याला टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करताना अनेक वेगवेगळे मीटर बाळगावे लागत. त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापे एका पेटीत आणली. तो ॲव्होमीटर १९२३ साली बाजारात आला आणि पुढे कित्येक दशके आपल्याकडच्याही प्रयोगशाळांत आणि वर्कशॉपमध्ये तो मीटरांचा मानदंड राहिला. ही पेटी जड होती, म्हणून तिला चामड्याचा पट्टा असे. पट्टा होता वाहून नेण्यासाठी, पण खुंटीला, दाराच्या कडीला पेटी टांगायलाही तो उपयोगी पडे. पुढे सुया आणि कॉइल गेल्या, अंक दाखवणारे मीटर आले. १९७७ मध्ये फ्लूक कंपनीचा ८०२०ए आला आणि चांगला डिजिटल मीटर तळहातावर मावू लागला. वजन गेले, तसा पट्टाही गेला. जड वस्तूला पट्टा लागतो, हलकी वस्तू काय हातातच राहील, असा तो हिशेब. त्यात एक गोष्ट सुटली: वजन कमी झाले तरी प्रोब दोनच राहिले आणि हातही दोनच. उलट हलका झाल्यामुळेच मीटर टेबल सोडून खांबावर, गच्चीवर, रुळांकडेला आणि लिफ्टच्या खड्ड्यात जाऊ लागला. जिथे टेकवायला जागा नाही तिथे तो पोहोचला, आणि टांगायची सोय मात्र मागेच राहिली.

हैदराबादेत बसून हा विषय लिहिण्यालाही कारण आहे. हे शहर मोत्यांचे आणि बिर्याणीचे म्हणून ओळखले जाते. मोजमापाच्या यंत्रांशी असलेले त्याचे जुने नाते सहसा सांगितले जात नाही. सिकंदराबादेत तारनाक्याला १९५७ पासून रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार अभियांत्रिकीची संस्था, म्हणजे इरिसेट, आहे. १९६७ मध्ये अणुऊर्जा खात्याने ईसीआयएल इथेच स्थापन केली. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांपासून मतदान यंत्रांपर्यंत तिने बरेच काही घडवले, आणि तिला आकार देणाऱ्या ए. एस. राव यांच्या नावाची वस्तीच शहरात आहे. बालानगरला १९६८ पासून टूल डिझाइनची केंद्रीय संस्था आहे. कोठीच्या गुजराती गल्लीत रेझिस्टरपासून मीटरपर्यंत सगळे सुटे मिळते. या सगळ्याला एक मराठी बाजूही आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; राज्य तुटले तरी वाट तुटली नाही. नांदेड हा रेल्वे विभाग २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबाद. म्हणजे रुळांकडेच्या लोकेशन बॉक्ससमोर उकिडवा बसून सिग्नलचे ११० व्होल्ट आणि रिलेचे २४ व्होल्ट तपासणारा परभणी-नांदेडकडचा कर्मचारी मराठी बोलतो, आणि त्याच्या धंद्याचे विद्यापीठ म्हणावे ते तारनाक्याला आहे. पायाखाली खडी, समोर टर्मिनलांच्या रांगा, मीटर ठेवायला जागा शून्य. हा वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे लिहिले आहे.

दोरीच्या बाजूने पहिला मुद्दा मीटर पडण्याचा नाही, नजरेचा आहे. मीटर मांडीवर किंवा जमिनीवर असला की आकडा वाचायला मान वळवावी लागते, आणि मान वळली की प्रोबच्या टोकावरची नजर सुटते. टोक घसरून शेजारच्या टर्मिनलला किंवा पॅनेलच्या पत्र्याला टेकायला तेवढा क्षण पुरतो. तीन फेजच्या पॅनेलमध्ये दोन बसबारांच्या मध्ये प्रोबचे उघडे टोक आडवे पडले तर जो जाळ उठतो, तो बाजूला उडी मारण्याइतका वेळ देत नाही. सोलरच्या कामात धोक्याची जात निराळी. गच्चीवरच्या पॅनेलांची माळ कित्येकशे व्होल्टची डीसी देते, आणि डीसीचा ठिणगीपूल एसीसारखा दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावरून जात नसल्याने आपोआप विझायला मागत नाही. अशा ठिकाणी मीटर डोळ्यांच्या पातळीवर, प्रोबच्या शेजारीच टांगलेला असला तर टोक आणि आकडा एकाच नजरेत येतात. दोरीचे खरे मोल हे आहे. ती मीटरचे पडणे टाळते ते नंतरचे. आधी ती माणसाचे वळून पाहणे टाळते.

आता पडण्याविषयी. नेहमीचे म्हणणे असते की मीटरला जाड रबरी कव्हर आहे, पडला तरी काही होत नाही. हे म्हणणे जरा उलगडून पाहू. मोजमापाच्या उपकरणांच्या सुरक्षिततेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०१०, त्यात हातातल्या उपकरणाची पडण्याची चाचणी १ मीटर उंचीवरून, काँक्रीटवर ठेवलेल्या ५० मिलिमीटर जाडीच्या कठीण लाकडी फळीवर घेतली जाते. १ मीटर म्हणजे साधारण कमरेची उंची. चारशे ग्रॅमचा मीटर तेवढ्यावरून पडला तर सुमारे ४ ज्यूल ऊर्जा घेऊन आदळतो. तोच ६ मीटरच्या खांबावरून पडला तर २३ ज्यूलच्या पुढे जातो, म्हणजे चाचणीच्या सहापट, आणि तोही लाकडावर नाही, दगडावर. खाली माणूस उभा असेल तर ४ किलोची वस्तू दोन फुटांवरून डोक्यात पडावी तसा तो मार आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चाचणीनंतर पाहतात ते उपकरण धोकादायक झाले आहे का. ते पूर्वीसारखे अचूक मोजते की नाही, हा त्या चाचणीचा प्रश्नच नाही. कव्हर शाबूत म्हणजे मीटर शाबूत, हे अनुमान आपले आहे, मानकाचे नाही.

आणि फुटलेल्या मीटरची भीती मला कमी वाटते. तो निदान फेकून दिला जातो. भीती आहे ती न फुटता बिघडलेल्याची. आतला एखादा सांधा सुटला, सिलेक्टरची पाती वाकली, प्रोबची तार सॉकेटपाशी आतल्या आत तुटली, तर मीटर चालू होतो, पडदा उजळतो आणि जिवंत तारेवर शून्य दाखवतो. शून्य दिसले की माणूस हात घालतो. यावर धंद्यातला जुना नियम आहेच: आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मीटर लावून पाहा, मग बंद केलेली लाइन तपासा, मग पुन्हा त्या चालू जागी येऊन पाहा. हा नियम दोरीमुळे रद्द होत नाही. दोरी असो वा नसो, तो पाळायचाच. पण दिवसातून चार वेळा आपटणारा मीटर आणि महिनोन् महिने न आपटलेला मीटर, यांतल्या कोणत्या मीटरच्या शून्यावर आपण हात ठेवू, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. दोरी अडकते. ड्रिलच्या चकात, मोटरच्या शाफ्टमध्ये, पंख्याच्या पट्ट्यात, शिडीच्या कोपऱ्यात. गळ्यातल्या दोरीने माणूस यंत्राकडे ओढला जाऊ शकतो. हा आक्षेप खोडून काढायचा नाही, तो मान्य करून त्यातूनच दोरी घडवायची आहे. या शहरात माधापूर-गच्चीबावलीच्या रस्त्यांवर गळ्यात ओळखपत्राची पट्टी नसलेला माणूस शोधावा लागतो, आणि कंपनी बदलली की जुनी पट्टी घरी पडून राहते. साहजिकच मीटरसाठी पहिला विचार तिचाच येतो. पण त्या पट्टीच्या मानेमागे बहुधा प्लास्टिकचा एक छोटा जोड असतो. ओढ बसली की तो सुटतो. तो जोड चुकून राहिलेला नाही, गळ्यासाठीच ठेवला आहे. ओळखपत्राचे वजन नगण्य, म्हणून तो जोड हलका ठेवता येतो. मीटरचे वजन त्याच्या कितीतरी पट. हलका जोड ठेवला तर मीटर हिसक्याने सुटून पडणार. जोड घट्ट केला तर यंत्रात अडकल्यावर गळा सुटणार नाही. मीटर सांभाळील आणि मानही सांभाळील असा आकडा गळ्यापुरता निघतच नाही. म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम: काम करताना मीटर गळ्यात नाही. कमरेच्या पट्ट्याला, बॅगेच्या पट्टीला, पॅनेलच्या दाराला, कुठेही, गळ्यात नाही.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आधीपासून आहेत. ओढली की आवळत जाते ती निरगाठ. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. आपल्या दोरीचा सगळा सिद्धांत या दोन शब्दांत मावतो: निरगाठ मीटरकडे, सुरगाठ माणसाकडे. मीटरच्या टोकाचे बंधन कोणत्याही हिसक्याला सुटता कामा नये. माणसाच्या टोकाचे बंधन ठरावीक ओढीपलीकडे सुटलेच पाहिजे. हे दोन आकडे किती, ते गणिताने काढता येते. चारशे ग्रॅमचा मीटर अर्धा मीटर पडून ताठ दोरीवर २ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर दोरीवर सरासरी दहा किलोच्या वर भार येतो. तोच मीटर फक्त २० सेंटिमीटर पडला आणि दोरी ताणून ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर भार २ किलोवर येतो. दोरी आखूड आणि थोडी लवचीक ठेवली की हिसका पाचपटीने उतरतो, आणि मगच मीटर सांभाळूनही सुटू शकेल अशी सुरगाठ शक्य होते. म्हणून जाड, लांब, दणकट दोरी चांगली ही समजूत सोडावी लागते. जाड दोरी ताणत नाही, लांब दोरी मीटरला वेग देते, आणि न तुटणारी दणकट दोरी नेमकी यंत्रात अडकल्यावर वैरी होते.

याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही; दहा लिटरची बादली पुरते. पाण्याने भरलेली ती बादली, स्वतःच्या वजनासकट, दहा किलोच्या थोडी वर जाते. मीटरकडच्या बंधनाला भरलेली बादली टांगून काही मिनिटे ठेवा. गाठ सरकली किंवा टाका उसवला तर ती दोरी नापास. माणसाकडच्या जोडाला उलटी परीक्षा: अर्धी बादली त्याने धरली पाहिजे आणि भरलेली सोडली पाहिजे. हा जोड ओळखपत्राच्या पट्टीतला प्लास्टिकचा असेल, वेल्क्रोचा तुकडा असेल, नाहीतर शिलाईच्या दोऱ्याचे मोजके वेढे असतील. वेढे कमी-जास्त करून तो बादलीशी जुळवून घेता येतो. एरवी घरगुती वस्तूवर जो आरोप होतो की अंदाजपंचे केली, तो इथे टिकत नाही. अंदाज बादलीपाशी संपतो.

पथ्थरगट्टीच्या मोत्यांच्या दुकानांत ही दृष्टी फार पूर्वीपासून आहे. चांगल्या सरात प्रत्येक मोत्यानंतर दोऱ्याला गाठ असते. मोती एकमेकांवर घासू नयेत हा तिचा एक उपयोग. दुसरा असा की दोरा तुटला तरी सगळा सर विखुरत नाही, एखादा मोती जातो. ओवणारा पटवेकरी दोरा तुटणारच नाही असे मानत नाही. तो तुटेल हे धरून चालतो आणि कुठे तुटला तर किती नुकसान होईल ते आधी ठरवतो. मीटरच्या दोरीला तीच शिस्त हवी. ती कुठे सुटणार, हे आपण ठरवले नाही तर यंत्र ठरवते.

बांधायचे कुठे, याबाबत एक मोह आवरायला हवा: मीटरच्या खोक्याला भोक पाडण्याचा. ते प्लास्टिक म्हणजे केवळ झाकण नाही, ते इन्सुलेशन आहे. आतला जिवंत भाग आणि बाहेरचे बोट यांच्यात किती अंतर राहावे हे हिशेबाने ठरवलेले असते, आणि मीटरवर छापलेली कॅट तीन किंवा कॅट चार ही श्रेणी त्या हिशेबावर उभी असते. एक भोक, त्यात एक स्क्रू, आणि तो हिशेब संपला. बॅटरीच्या झाकणाचा स्क्रूही या कामाचा नाही. बऱ्याच मीटरना पाठीमागे पट्ट्यासाठी खाच असते, ती वापरावी. नसेल तर रबरी कव्हरला नवारीच्या दोन पट्ट्यांची आडवी-उभी चौकट शिवून तिला दोरी लावावी, म्हणजे मीटरला हातही लागत नाही. दोरीचे कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉन. नायलॉन जास्त ताणते पण ओल धरते. पॉलिएस्टर ओल जवळजवळ धरत नाही, म्हणून पावसाळी कामाला तेच बरे. सुती नाडा घाम आणि पाणी पितो, आणि ओली मळकट दोरी इन्सुलेटर राहत नाही. धातूची साखळी, धातूचा हुक, किल्ल्यांची कडी या वस्तू उघड्या टर्मिनलांजवळ नकोतच. ओळखपत्राच्या पट्टीतला सगळ्यांत चकचकीत भाग आधी कापून टाकायचा तो याचसाठी. जुन्या हार्ड डिस्कमधला चुंबक पत्र्याच्या दाराला मीटर टांगायला उत्तम, आणि ओढ बसली की निसटत असल्याने तो जातीची सुरगाठच आहे. मात्र तो कापडात नीट शिवून टाकावा, सुईच्या मीटरपासून दूर ठेवावा, आणि छातीत पेसमेकर असलेल्याने तो हाताळूच नये.

दोन आक्षेप उरतात. एक, बाजारात तयार पट्टे मिळतात, मग घरी कशाला? मिळतात, आणि चांगले असतात. पण ते बहुधा एकेका कंपनीच्या मीटरच्या खाचेपुरते असतात, आणि पिवळ्या स्वस्त मीटरला तर कुणी पट्टा करत नाही. परवडत असेल आणि बसत असेल तर विकतचा जरूर घ्यावा. त्यालाही बादलीची परीक्षा लावावी. इथे एक मर्यादा स्वच्छ सांगतो. खाली माणसे वावरत असताना उंचीवर काम असेल तर ही घरगुती दोरी आणि तिची सुरगाठ दोन्ही बाद. तिथे हत्यार सुटणे हाच मोठा धोका, आणि तिथे भाराचा आकडा छापलेली, दोन्ही टोकांना पक्की अशी खास दोरीच हवी. पडणाऱ्या हत्यारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये स्वतंत्र मानक करावे लागले ते उगीच नाही. उलट फिरत्या शाफ्टजवळ कुठलीच दोरी नको. दुसरा आक्षेप असा की दोरीमुळे माणूस निष्काळजी होतो. होऊ शकतो. दोरी बांधल्याने वाईट मीटर चांगला होत नाही. ज्याच्या दहा अँपिअरच्या सॉकेटवर फ्यूज नसल्याचे त्यावरच छापले आहे, तो मीटर कितीही सुबक दोरीने टांगला तरी मोठ्या पॅनेलसमोर नेऊ नये. पण ज्याने स्वतःच्या हाताने दोरी शिवली, बादली टांगून पाहिली आणि ती कुठे सुटेल हे ठरवले, तो पॅनेलसमोर अधिक बेफिकीर होईल, हे मला पटत नाही.

पुढच्या प्रकरणांत कापड, गाठी, टाके आणि जोड यांचा क्रमाने विचार आहे. घाई असेल त्याने एवढेच करावे: आजच मीटर हातात घेऊन त्याला कुठे खाच आहे ते पाहावे, घरातली जुनी नवार शोधावी आणि एक बादली पाण्याने भरावी. आणि एक विनंती. दोरी मळली, कडक झाली, तिचा एखादा टाका उसवला, की ती दुरुस्त करू नका. कापून टाका आणि नवी करा. तासाभराचे काम आहे.